ताकासाठी अडलेली पंगत

आमच्या सोलापुरात लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्या माणसाला 'नक्की येतो' असे सांगायचे असते. जायचे नसले तरी सांगायचे असते. त्यात कोणी कोणाला फसवीत नाही; देणाऱ्यालाही ठाऊक असते आणि घेणाऱ्यालाही. आमच्या कार्यालयातल्या अक्का मात्र पत्रिका उघडीत, तारीख पाहत आणि पत्रिका आणणारा अजून चहा पीत समोर बसलेला असताना शांतपणे म्हणत, "मी येणार नाही बघा. त्या दिवशी मला काही काम नाही, पण गर्दीत माझं डोकं उठतं. माझं पान धरू नका. मुलगी चांगली हाय, सुखात राहू दे."

त्या माणसाचा कप बशीवर यायचा तो वाटेतच थांबे. तो माझ्याकडे पाही, मी भिंतीकडे पाही. तो गेल्यावर मी हलक्या आवाजात म्हणत असे, "अक्का, बघू म्हणाला असता तर काय बिघडलं असतं?"

"बघू म्हटलं की ते आचाऱ्याला माझं पान सांगणार. मी जाणार नाही. पान वाया. त्यापेक्षा माझा राग आला तर येऊ दे की."

त्यांचे नाव मी येथे लिहीत नाही. त्यांना ते आवडणार नाही आणि आवडणार नाही हे त्या तोंडावर सांगतील. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांच्या घरातली ही बाई. घरी धाकटी भावंडे अक्का म्हणत, म्हणून कार्यालयातही सगळे अक्काच म्हणू लागले. वयाने त्या माझ्याहून थोड्या मोठ्या. शिक्षणाने अभियंता. हैदराबादेत आणि मग पुण्यात मोठमोठ्या कंपन्यांमध्ये प्रोग्राम लिहिण्यात त्यांचे अर्धे आयुष्य गेले. मग एके दिवशी त्या सोलापूरला परतल्या आणि आमच्या सात माणसांच्या कंपनीत, पूर्वीच्या पगाराची आठवणही न काढता, काम करू लागल्या. का परतलात असे कोणी विचारले की त्यांचे उत्तर ठरलेले असे : "तिकडचं पाणी सोसत नव्हतं." नळाला दिवसाआड तरी पाणी यावे म्हणून नवस बोलणाऱ्या गावात हे उत्तर ऐकून माणूस पुढचा प्रश्न विचारीत नसे.

फोनवर त्यांना कोणी थांबवून ठेवलेले चालत नसे. पलीकडून संगीत सुरू झाले की त्या फोन तोडीत आणि पुन्हा लावून विचारीत, "मी काय लोणचं हाय, मुरत ठेवायला?" कार्यालयात 'बघतो', 'करतो', 'होऊन जाईल' हे शब्द त्यांच्यासमोर उच्चारण्याची सोय नव्हती. आमचे सलीमभाई दुकानदारांकडे फिरण्याचे काम करीत. ते एकदा हात जोडून म्हणाले, "अक्का, तुमारे डर से मैं घर में बी बघू बोलना छोड दिया. बेगम पूछती, शाम को क्या पकाऊं, तो मुझे सीधा बैंगन बोलना पडता!"

"मग काय वाईट झालं?"

"बैंगन मिलता ना रोज!"

दुपारच्या डब्यात त्यांच्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी असे. ती भाकरी त्या जेवताना खात नसत, विचार करताना खात. प्रोग्राममधली साधी चूक असेल तर एखादी बारीक कडकड ऐकू येई. गुंता मोठा असेल तर त्यांच्या टेबलाकडून फरशी फुटल्यासारखे आवाज येत राहात आणि आम्ही समजून जात असू की आज अक्कांशी बोलण्यात अर्थ नाही.

ज्या आठवड्याबद्दल मला लिहायचे आहे, त्या आठवड्यात तो आवाज सोमवारपासून सुरू झाला.

आमची कंपनी तेव्हा एका सेवेवर उभी होती. तालुक्यांतून, खेड्यांतून लोक आपली आजारी माणसे सोलापूरच्या दवाखान्यांत आणतात. डॉक्टर एखादे दुर्मीळ इंजेक्शन लिहून देतात आणि मग नातेवाईक ती चिठ्ठी हातात धरून उन्हातून दुकानामागून दुकान पालथे घालतो. आम्ही असे केले होते, की त्या माणसाने चिठ्ठीचा फोटो मोबाईलवरून आम्हांला पाठवायचा. आमचा प्रोग्राम तो फोटो त्याच क्षणी शहरातल्या सगळ्या औषध दुकानदारांच्या मोबाईलवर पाठवी. खाली दोन मोठी बटणे : हिरवे 'आहे' आणि लाल 'नाही'. कोणीतरी 'आहे' दाबले की नातेवाइकाला त्या दुकानाचा पत्ता जाई.

कल्पना चांगली होती, आणि लोक आम्हांला दुवा देत होते. पण रोज दुपारी आमचे यंत्र गुदमरू लागे. त्याची स्मृती, म्हणजे हातातले काम मांडून ठेवण्याची त्याची जागा, सकाळी मोकळी असे आणि हळूहळू भरत जाऊन दुपारी काठोकाठ होई. मग ते कोणालाच उत्तर देत नसे. माझ्यापाशी त्यावर एकच उपाय होता. मी ते बंद करून पुन्हा सुरू करी. जागा मोकळी होई, पण त्या वेळी ज्यांच्या चिठ्ठ्या वाटेत होत्या त्या सगळ्या पुसल्या जात. त्या चिठ्ठ्यांमागे माणसे होती हे मला कळत नव्हते असे नाही. रोजची सवय झाली की कळलेल्या गोष्टीचाही माणसाला स्पर्श होईनासा होतो, इतकेच मी माझ्याबद्दल म्हणू शकतो.

सोमवारी त्याचे हाल नेहमीच जास्त असत, पण त्या सोमवारी ते दुपारचीही वाट न पाहता सकाळीच बसले. संध्याकाळी औषध दुकानदारांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी आम्हांला बोलावले. अध्यक्ष म्हणजे पांढऱ्या शर्टातले, कधीही आवाज न चढवणारे वृद्ध गृहस्थ. त्यांचे दुकान मोठ्या दवाखान्यासमोरच होते, त्यामुळे लोकांचे हाल ते रोज डोळ्यांनी पाहत.

"मालक, पुण्याची एक कंपनी येऊन गेली," ते मला म्हणाले. "त्यांचं म्हणणं, आमचं कधी बंद पडत नाही. मला गावातल्या माणसांना सोडायला बरं वाटत नाही. पण बाहेर बाकड्यावर बाई रडत बसलेली असते आणि आत आमच्या मोबाईलवर चक्र फिरत असतं. पुढचा सोमवार बघतो. त्या दिवशी सकाळपासून दुकानं वाढवेपर्यंत न पडता चाललं, तर तुमचं. पडलं, तर पुण्याचं."

हे काम गेले की सोलापूरचे कार्यालय बंद होणार, हे उघड होते. माझा भागीदार वर्षभर पुण्याला चला म्हणून मागे लागला होता. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस. मुकाट्याने गेलोही असतो. मी अक्कांकडे पाहिले. ज्या शहरातून त्या परतल्या होत्या, तिथेच त्यांना पुन्हा जावे लागणार होते. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती. ती मी त्याआधी कधी पाहिली नव्हती आणि नंतरही पाहिली नाही.

अध्यक्षांनी विचारले, "पण होतंय काय नेमकं? मला कळेल असं सांगा."

अक्का जरा पुढे सरकल्या. "तुम्ही पंगतीत जेवलाय की नाही? सगळ्यांचं जेवण झालंय. हात वाळलेत. पण कोपऱ्यातल्या एका आजोबांना ताक पाहिजे. वाढपी म्हणाला, आणतो. आणि गेला. आजोबा उठेनात, म्हणून कुणीच उठेना. बाहेर दुसरी पंगत उपाशी उभी. आमच्या यंत्रात हेच चाललंय. जेवण झालेली माणसं बसून राहिलीत. कोण आजोबा अडून बसलेत, तेवढं मला हुडकायचंय."

"आणि वाढपी?"

"तो घरी जाऊन झोपला असंल!"

अध्यक्ष हसले. मला हसू आले नाही. परतताना मी अक्कांना सुचवले, की आपण दुप्पट स्मृतीचे मोठे यंत्र घेऊ.

"पंगत उठत नाही म्हणून मांडव वाढवायचा का, मालक?" त्या म्हणाल्या. "दुपारी पडणारं संध्याकाळी पडंल. एवढाच फरक."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी यंत्राच्या स्मृतीची एक जशीच्या तशी प्रत काढून ठेवली. दुपारी ते गुदमरू लागले तेव्हा दुसरी काढली. दोन्ही शेजारी ठेवून, सकाळी नसलेले पण दुपारी साठलेले असे काय आहे ते त्या पाहत बसल्या. डबा दोन वाजेपर्यंत रिकामा झाला. साठलेले होते ते चिठ्ठ्यांचे फोटो. शेकड्यांनी. काम झालेल्या, माणसे घरी गेलेल्या, कोणालाही नको असलेल्या चिठ्ठ्यांचे फोटो.

आमचा प्रोग्राम लिहिणारे दोघे तरुण होते, हुशार होते. ते म्हणाले, "अक्का, काम संपलं की फोटो सोडून द्यायला सांगितलंय आम्ही. तिथं चूक नाही."

"काम संपलं हे त्याला कोण सांगतं?"

मग अक्कांनी आम्हां सगळ्यांना उभे केले. सलीमभाईंच्या हातात त्यांनी एक कागद दिला आणि सांगितले, ही चिठ्ठी. मला म्हणाल्या, "मालक, तुम्ही सलीमभाईंची बाही धरा. तुम्ही म्हणजे दुकानाच्या उत्तराची वाट बघणारा निरोप्या." त्या दोघा तरुणांना माझा हात धरायला लावले. "मी दुकान. सलीमभाई, ही चिठ्ठी कुणासाठी धरलीय?"

"तुमारे वास्ते."

"मी सांगितल्याशिवाय सोडायची नाही. आलेच."

आणि त्या निघून गेल्या. आम्हांला वाटले, दाराबाहेर उभ्या असतील. नव्हत्या. पंख्याखाली चार प्रौढ माणसे एकमेकांना धरून उभी राहिली. सलीमभाईंचा फोन खिशात वाजत होता, पण हात मोकळा नव्हता. टपालवाला येऊन आमच्याकडे पाहून टपाल दारातच ठेवून गेला. माझ्या नाकाला खाज सुटली. गंमत अशी, की आमच्यापैकी एकालाही हात सोडून खाली बसण्याचे सुचले नाही.

अक्का आल्या त्या बाहेर चहा पिऊनच. "बघा!" त्या टाळी वाजवून म्हणाल्या. "अजून धरूनच! मी येणार होते का? नाही. तुम्हांला काही काम होतं का? नाही. पण सोडा म्हणून कुणी सांगितलं नाही."

मला तेव्हा त्या प्रकाराचा खरा अर्थ समजला. आमचा प्रोग्राम एका दुकानाच्या उत्तरासाठी खोळंबून राहात नसे. तो पुढच्या कामाला लागे, पण जाताना प्रत्येक दुकानासाठी एक निरोप्या मागे ठेवून जाई : उत्तर आले की मला हाक मार. तो निरोप्या चिठ्ठीचा फोटो घट्ट धरून बसे. दुकानाने 'आहे' म्हटले तर तो मोकळा होई, 'नाही' म्हटले तरी मोकळा होई. दुकानाने काहीच म्हटले नाही, तर तो बसूनच राही, आणि त्याच्या हातातला फोटोही.

"पण दुकानदार नाही दाबतात की, अक्का," तरुणांपैकी एक म्हणाला. "एवढं मोठं लाल बटण दिलंय."

"दाबतात? तू बघितलंयस?"

त्याने पाहिले नव्हते. आमच्यापैकी कोणीच पाहिले नव्हते. कार्यालयात चाचणी घेताना आम्हीच दुकानदार होत असू आणि तत्परतेने हिरवे किंवा लाल बटण दाबीत असू. तिथे यंत्र कधीच गुदमरले नव्हते.

अक्कांनी दुपारच्या प्रतीतून, कोणते निरोपे कोणत्या दुकानांसाठी अडून आहेत ते काढले. सगळ्यांत मोठी रांग नवी पेठेतल्या एका दुकानाच्या नावावर होती. बुधवारी सकाळी ते दुकान उघडायच्या वेळी आम्ही तिघे, अक्का, सलीमभाई आणि मी, तिथे जाऊन उभे राहिलो.

दुकानदार चाळिशीचा, हसतमुख माणूस. त्याने दारात पाणी शिंपडले, देवाच्या तसबिरीला हार घातला, उदबत्ती लावली, आमच्यासाठी स्टुले मांडली. एवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. आमचीच चिठ्ठी होती. त्याने ती नीट मोठी करून वाचली. मागच्या फळीकडे एकदा नजर टाकली. मग अंगठा पडद्यावर नेला, तसाच अधांतरी ठेवला आणि मोबाईल हळूच उपडा करून तसबिरीखाली ठेवून दिला.

"काय झालं?" अक्कांनी विचारले. "औषध हाय का?"

"बघू की, अक्का. चहा सांगू?"

"म्हणजे नाही."

दुकानदाराने जीभ चावली. "अवो, सकाळी सकाळी असं तोंडातनं काढू नका की! अजून बोहनी व्हायची हाय. पहिलं गिऱ्हाईक व्हायच्या आधी नाही कसं म्हणायचं? दिवसभर तेच चालतंय मग."

"आणि बोहनी झाल्यावर?"

"तवर वर दहा नव्या येत्यात. जुनी कोण उकरत बसतंय?" मग तो विश्वासाने पुढे वाकला. "सोमवारी तर मी दुपारपर्यंत त्या लाल बटणाला हातच लावत नाही. सिद्धेश्वराचा वार. आमच्या ओळीत कुणीच लावत नाही."

मी स्टुलावर बसलो होतो, ते बरे झाले. माझ्या वडिलांचे कापडाचे दुकान होते. सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाने मागितलेला रंग दुकानात नसला, तर वडील त्याला दुसरे सगळे रंग उलगडून दाखवीत, पाणी देत, घरची चौकशी करीत, आणि शेवटी हात जोडून म्हणत, "शेजारी बघा, तिकडं नवा माल आलाय." पण पहिली विक्री होईपर्यंत 'नाही' हा शब्द त्यांच्या ओठांवर येत नसे. मी त्या दुकानात लहानाचा मोठा झालो. आणि त्या पडद्यावरचे ते भलेमोठे लाल 'नाही' मीच पाहून, छान दिसते म्हणून, पसंत केले होते.

सलीमभाई माझ्या कानाशी कुजबुजले, "अब अक्का इसकू छोडती नै."

मलाही तेच वाटले. आयुष्यभर तोंडावर 'नाही' म्हणत आलेली ही बाई आणि समोर 'नाही' म्हणायला घाबरणारा अख्खा बाजार. आता स्फोट होणार म्हणून मी मनातल्या मनात क्षमेची वाक्ये जुळवू लागलो.

अक्का मात्र त्या उपड्या मोबाईलकडे पाहत राहिल्या. मग हसू लागल्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत हसल्या. "सापडले!" त्या म्हणाल्या. "सापडले आजोबा!" दुकानदाराला काही कळेना. त्यांनी त्याच्याकडून खोकल्याच्या गोळ्यांची एक पट्टी घेतली, पैसे त्याच्या हातात दिले आणि म्हणाल्या, "घ्या. झाली बोहनी. तुमचं बरोबर हाय. आमचं चुकलं."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "अध्यक्षांना सांगून बैठक बोलावू. सगळ्यांना बजावू, की उत्तर देणं सक्तीचं आहे."

त्या रस्त्याच्या मधोमध थांबल्या. मागून आलेल्या रिक्षावाल्याने भोंगा वाजवला, त्याला त्यांनी हातानेच थोपवले. "मालक, त्यांनी नाही म्हणायला पाहिजे हे खरं. आणि ते म्हणणार नाहीत हे पण खरं. मी जन्मभर लोकांकडून चोख उत्तर मागत फिरले. काय झालं? निम्मं गणगोत बोलेनासं झालं. लोक हायत तसे हायत. वाट बघणाऱ्यानं आपली मुदत आपण ठरवावी की. ती झाली की उठावं, हात धुवावा." मग त्यांनी मला विचारले, "तुमचे वडील काय म्हणायचे म्हणालात?"

मी आत बसल्या बसल्या ते काही पुटपुटलो होतो, हे मला तेव्हा समजले. मी ते वाक्य पुन्हा सांगितले.

पुढच्या दिवसांत अक्कांनी कोणाला नवे काही लिहू दिले नाही, स्वतःच लिहिले. प्रत्येक निरोप्याला त्यांनी मुदत बांधून दिली. तेवढ्या वेळात दुकान बोलले नाही, तर त्याचे मौन हेच उत्तर धरायचे, चिठ्ठी सोडायची आणि जागा रिकामी करायची. एका दुकानाने 'आहे' म्हटले, की बाकीच्या सगळ्या निरोप्यांना त्याच क्षणी घरी पाठवायचे. सगळी दुकाने गप्प राहिली, तर नातेवाइकाला ताटकळत न ठेवता स्पष्ट कळवायचे, की शहरात हे औषध मिळत नाही, बाहेर पाहा. आणि ते लाल बटण गेले. त्या जागी पिवळे बटण आले. त्यावर लिहिले होते : 'शेजारी बघा'.

सोमवारी सकाळी त्यांनी भिंतीवरच्या पडद्यावर यंत्राच्या स्मृतीची रेघ लावून ठेवली. रोज ती रेघ जिन्यासारखी फक्त चढत जात असे. त्या दिवशी दुकाने उघडू लागली तशी ती चढली. चढत राहिली. मग मुदतीचा पहिला फेरा संपला आणि ती रेघ सरळ खाली आली. पुन्हा चढली, पुन्हा उतरली. एखादे माणूस गाढ झोपेत श्वास घेत असावे, तशी.

"हाय जिवंत," सलीमभाई म्हणाले.

मी रोज ज्या वेळी यंत्र बंद करून सुरू करीत असे, त्या वेळी माझा हात आपोआप तिकडे गेला. अक्कांनी मान वर न करता म्हटले, "बसा." मी बसलो.

दुपारनंतर रोज तक्रारींनी घणघणणारा कार्यालयातला फोन त्या दिवशी वाजलाच नाही. अखेर सलीमभाईंनी रिसीव्हर उचलून कानाला लावला. "चालू है," ते जरा निराश होऊनच म्हणाले.

दुकाने वाढवायच्या वेळेला अध्यक्ष स्वतः जिना चढून आले. घाम पुसून ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "खरं सांगू? मी आज सगळ्यांना सांगितलं होतं, की घरातल्या जुन्या चिठ्ठ्या पण पाठवा. पाडून बघा."

"कळलं होतं," अक्का म्हणाल्या. "तुमच्याच दुकानातून गुडघेदुखीची एक चिठ्ठी अकरा वेळा आली."

अध्यक्ष लाजले. तेवढ्यात फोन वाजला. दिवसातला पहिला. आम्ही सगळे जागच्या जागी थिजलो. सलीमभाईंनी तो उचलून सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"हॅलो, तुमी औषधवाले का? मी नातेपुत्याचा. बायको ॲडमिट हाय हितं." आवाज थकलेला होता, पण त्यात काहीतरी उजळले होते. "सकाळी चिठ्ठी धाडली हुती. तुमचं लगेच आलं की, सोलापुरात न्हाय म्हून. मग म्या मेव्हण्याला फोन लावला पुण्याला. त्यानं तितं घेतलं आन् एस्टीच्या डायवरकडं दिलं. आत्ता स्टँडवरनं घिऊन आलो. मागच्या बारीला दिवसभर मोबाईलकडं बघत बसलो हुतो. तुमी न्हाय म्हनला ते लई बरं केलं बगा."

"इंजेक्शन दिलं का?" अक्कांनी विचारले.

"व्हय, आत्ताच लावलंय."

"मग हितं काय बोलत बसलाय? फोन ठेवा आणि तिच्याजवळ जाऊन बसा."

फोन बंद झाला. अध्यक्ष म्हणाले, "तुमचं काम पक्कं. अक्कलकोटची आणि पंढरपूरची दुकानंही जोडून घ्या." सलीमभाईंनी मला मिठी मारली. ते दोघे तरुण ओरडत जिन्यापर्यंत गेले आणि परत आले.

अध्यक्ष मात्र अवघडून खुर्चीतच चुळबुळत होते. "एक अडचण आहे," ते म्हणाले. "पुण्याची दोन माणसं खाली गाडीत बसलीत. यंत्र पडेलच असं धरून मी त्यांना बोलावून ठेवलं होतं. दुकान वाढवायच्या आधीच त्यांना फोनवर पाच मिनिटांत येतो म्हणालो."

"कधी?"

"झाला असेल तास."

अक्का तडक उठल्या आणि जिना उतरून गेल्या. आम्ही खिडकीतून पाहिले. त्यांनी गाडीच्या काचेवर टकटक केले, वाकून काहीतरी सांगितले. दोनच वाक्ये असावीत. मग स्वतःच दार उघडून धरले. दोन तरुण अभियंते, गळ्यात ओळखपत्रे अडकवलेले, थोडे गोंधळलेले, त्यांच्या मागोमाग वर आले.

"काम मिळालेलं नाही, हे सांगितलंय त्यांना," अक्का म्हणाल्या. "लांबचा रस्ता हाय, उपाशी कशाला जायचं? सलीमभाई, चहा सांगा. सगळ्यांना. आणि भजी."

चहा-भजी आली तेव्हा त्या दोघांपैकी एकाचे लक्ष भिंतीवरच्या रेघेकडे गेले. तो जवळ गेला. सकाळपासूनचे सगळे चढउतार त्याने बोटाने माग काढीत पाहिले. कामातला माणूस होता. त्याला सांगावे लागले नाही. "मॅडम, सकाळपासून एकदाही रीस्टार्ट नाही?" त्याने विचारले. "आमच्याकडं रोज पहाटे आपोआप करावा लागतो."

आपले यंत्र कधी बंद पडत नाही, असे ज्या कंपनीने सांगितले होते, तिचा तो माणूस होता. अध्यक्षांचा कप वाटेतच थांबला.

अक्का खुर्चीत मागे रेलल्या. दिवसभरात त्यांनी डबा उघडला नव्हता. आता त्यांनी पहिले भजे उचलले आणि त्या तरुणापुढच्या स्टुलाकडे बोट दाखवले. "बसा हितं. बघा की स्वतःच."

तो बसला. नव्या चिठ्ठ्या येत होत्या. रेघ चढू लागली. आणि आम्ही सगळे, अध्यक्ष, सलीमभाई आणि पुण्याचे ते दोघेही, गरम कप बोटांत धरून ती खाली येताना पाहायला पुढे सरसावलो.